चेहरा उघडायची वाट

१२ नोव्हेंबर २०१३, मंगळ.

पेणहून रोह्याला परत. आजही नाक कललेलं. राजेसाहेब (यापुढे रा.सा. लिहीन, दरवेळी एवढं लांब कशाला) स्पेनचे राजे दिसतच नाहीत. गावच्या नाटकात मिशी चिकटवून उभा केलेला कोणीतरी दिसतो. आबा एकदा बघून आपल्या गणपतीकडे वळले. तेच जास्त लागलं.

आबांच्या गणपतीच्या कारखान्यात एका कोपऱ्यात माझा कॅनव्हास. भिंतीवर रा.सा.चं मोठं छापील चित्र. काळे कपडे, पांढरी ताठ कॉलर, लांब हनुवटी. बरोक काळातलं, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. आबा तरुणपणी मुंबईला चित्रकला शिकले तेव्हा याचीच नक्कल करून शिकले. पहिल्या दिवशी म्हणाले होते, "सुंदर चेहरा कोणीही काढेल, बाई. हा माणूस दिसायला बरा नाही, आणि राजा आहे. दोन्ही एकाच चेहऱ्यात आलं पाहिजे. ते जमलं की तुमची आई जमेल."

आईसाठीच तर सगळं. माघात गेली. तिचा फोटो एकच, मतदानाच्या ओळखपत्रावरचा, त्यात घाबरलेली. जन्म मिठागरात गेला, कॅमेऱ्यासमोर कधी बसली? वर्षश्राद्धाला तिचं नीट चित्र भिंतीवर लावू, मी काढते, असं दादाला सांगून बसलेय.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, सोडते मी. आयुष्यभर पहिली-दुसरीला आंबा न् पतंग काढायला शिकवलं, तेवढाच माझा वकूब. हे म्हणाले, "शनिवारी जाऊन तर ये." जेवले नाहीत नीट.

१६ नोव्हें., शनि.

गेले एकदाची. कॅनव्हासवरचं फडकं काढलं आणि बघतच राहिले. नाक सरळ. कललेलं वाटत होतं ते फक्त सावलीमुळे होतं की काय? गालाचं हाड वर आलेलं.

आबांना विचारलं. ते गणपतीचा मुकुट रंगवत होते, मान वर न करता म्हणाले, "तेलरंग आहे. लगेच कळत नाही. बसायला वेळ घेतो. रंग बसला की चेहरा उघडतो."

परत येताना गाडी निडीला क्रॉसिंगसाठी थांबली तेव्हा खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा बघितला. नाकाची सावली कुठे पडते, ओठाखाली किती काळोख. शेजारची बाई चमत्कारिक नजरेने बघायला लागली.

१९ नोव्हें., मंगळ.

कॉलर. दिवसभर फक्त कॉलर. पांढरा म्हणजे पांढरा नाहीच, त्यात निळा, करडा, थोडी माती. आगरात ढीग मारलेलं मीठ असंच असतं. सकाळी निळसर, दुपारी डोळ्यांत घुसणारं, संध्याकाळी गुलाबी.

घरी आल्यावर स्वतःहून पिठलं टाकलं. हे दारात उभे राहून बघत होते.

३० नोव्हें., शनि.

डोळे. डावा जमला, उजवा मेला. पण आता घाबरत नाही. बसेल.

संध्याकाळी दादाचा फोन. "आयचा फोटो दे मना परत. पेनला पोरं कम्पुटरवर मोठा करून देतात, फ्रेम बी तेच लावतात."
म्हटलं, दादा, मी काढतेय ना.
"तू राजाच काढतंस गो कवापासून. आय कवा?"
राजा झाला की आई.
"राजाचा काय नि आयचा काय," म्हणाला, पण हसला. फोटो माझ्याकडेच राहिला.

३ डिसें., मंगळ.

उजवा डोळा उघडला!! आबांना दाखवत होते, तर ते म्हणाले, "हो, बघितला." मला वाटलं जरा कौतुक करतील. करत नाहीत. बरंच आहे. शाळेत मीही फार कौतुक करत नसे, पोरं फुगतात.

१४ डिसें., शनि.

आज आबांना गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना जवळून बघितलं. डावखुरे आहेत. डाव्या हाताने कुंचला टेकवला की डोळा जिवंत. सून चहा घेऊन आली. म्हणाली, "आबा हल्ली माणसासारखे बोलतात, तुम्ही यायला लागल्यापासून." आबा म्हणाले, "चहा ठेव." सून हसत गेली.

पाऊसभर मी अंथरुणात होते हे आता खोटं वाटतं. रिटायर झाले, लगेच आई गेली, आणि मग सकाळी उठायचं कशासाठी तेच कळेना. हे खानावळीतून डबा आणायचे, मी दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करायची. ह्यांनीच आबांना गाठलं. ह्यांच्या धाटावच्या कंपनीतला गणपती आबांकडूनच यायचा, तेवढीच ओळख.

२८ डिसें., शनि.

रा.सा. झाले.

खाली कोपऱ्यात सही केली. आबांना म्हटलं, तुम्हीही करा, गुरू म्हणून. म्हणाले, "नको नको," आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

गाडीत उभं धरून आणलं. डब्यात एकाने विचारलं, कोण हे? म्हटलं, राजे आहेत स्पेनचे. "तब्येत बरी दिसत नाय त्यांची," म्हणाला. खरंच आहे. तेच तर काढायचं होतं.

५ जाने. २०१४, रवि.

ह्यांनी हॉलमध्ये खिळा मारून रा.सा. लावले आणि आज माणसं बोलावली. रोह्याजवळच्या आमच्या अष्टमी गावातले शेजारी, कंपनीतले दोघे, माझ्या शाळेतल्या तिघी. पोहे, चहा. हे प्रत्येकाला हाताला धरून चित्रासमोर नेत होते. "हिने काढलं. काही येत नव्हतं हो हिला."

हेडबाईंनी विचारलं, शाळेच्या संस्थापकांचं काढून द्याल का, ऑफिसात लावू. सगळ्यांदेखत हो म्हटलं. तोंड गरम झालं होतं, पण छान वाटलं. या वयात कोणी आपल्याला असं नव्याने बघावं...

१४ जाने., मंगळ.

संक्रांत. तिळगूळ झाला आणि आई सुरू केली.

घरीच काढणार, मागच्या पडवीत. आबा म्हणत होते, "इथेच काढा बाई, उजेड चांगला आहे." हेही दोनदा म्हणाले, पेणलाच जा. नाही गेले. आई गणपतींच्या रांगेत नको मला.

फोटोत फक्त चेहरा आहे. मी कमरेपर्यंत घेतेय, मांडीवर हात. हात आठवणीने.

१८ जाने., शनि.

चेहरा लावला. बरा नाही. बसू दे.

२१ जाने., मंगळ.

बसलेला नाही. थंडीमुळे असेल. पडवीत ऊन कमी.

२५ जाने., शनि.

पुन्हा लावला. दोन दिवस फडकं टाकून ठेवलं, डोकावलेसुद्धा नाही. आज काढलं. जसाच्या तसा. कोणीतरी बाई. लुगडं आईचं, चेहरा कोणाचाच नाही.

हे म्हणाले, "पेणला घेऊन जा ना, आबा सांगतील." मी म्हटलं, रंग तोच, तेल तेच, मी तीच. मग इथे का नाही उघडत?

हे पेपर वाचत होते. पान उलटलं नाही बराच वेळ.

२९ जाने., बुध.

दुपारी रा.सा. भिंतीवरून उतरवून अंगणात नेले. उन्हात तिरपे धरले. मला बघायचं होतं, तेव्हा मी काय केलं होतं जे आता विसरले.

माझे फटकारे वरून उजवीकडून खाली डावीकडे येतात. कॉलरवर तसेच, बाहीवर तसेच. गालावर नाहीत. कपाळावर नाहीत. हनुवटीखालची ती सावली, जिच्यासाठी मी स्वतःवर खूश होते, तिथले सगळे फटकारे उलटे.

उजव्या हाताने तसे करून बघितले. मनगट वळत नाही.

मग कुंचला डाव्या हातात घेतला.

३० जाने., गुरु.

ह्यांना दवाखान्यात जाते सांगून पेणला गेले. क्लासचा वार नाही. माघी गणपतीची गडबड, कारखान्यात माणसंच माणसं, टेम्पोत मूर्ती चढत होत्या. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. सरळ कोपऱ्यात गेले.

कोपऱ्यात आई होती.

माझ्या जागी, माझ्या स्टँडवर. डोक्यावर पदर, डोळे किंचित बारीक, आता काहीतरी बोलणार अशी. फोटोतली घाबरलेली नव्हे. घरातली. मी खालीच बसले, जमिनीवर, पीओपीच्या भुकटीत.

आबा आले. हातात कुंचला होता, तो कुठे ठेवावा कळेना त्यांना.

"आबा, रा.सा.चा चेहरा तुम्ही काढलात."
"उठा बाई, कपडे खराब होतात."
"तुम्ही काढलात का?"
"हो."

मग बोलले. थांबत थांबत. पहिल्यांदा फक्त नाक सरळ केलं. ह्यांचा फोन आला होता, "ही सोडते म्हणते, सोडलं तर परत अंथरूण धरेल, जरा सांभाळून घ्या." एकदाच करायचं ठरवलं होतं.
"मग?"
"मग थांबता आलं नाही." कुंचला फडक्याला पुसत राहिले. "बाई, गणपतीला चेहरा एकच असतो. जन्मभर तोच काढला. माणसाचा चेहरा किती वर्षांनी हाताखाली आला. तुम्ही गेलात की मी तुमच्या चित्राची वाट बघायचो."

माझ्या चित्राची.

"आणि ही?"
ह्यांनी मोबाइलवर फोटोचा फोटो काढून आणला होता. संक्रांतीनंतर, मी पडवीत काढायला बसले तेव्हा. माझं जमलं नाही तर वर्षश्राद्धाला काहीतरी हवं म्हणून. "फोटोत काही नव्हतं. तुमच्या यजमानांनी बसून सांगितलं. हसायच्या आधी डोळे बारीक व्हायचे, पदर कानामागे खोचायच्या. मी काढत होतो, ते सांगत होते. दोन वेळा आले."

मला आईचे डोळे बारीक व्हायचे ते आठवलं नव्हतं. ह्यांना आठवलं.

"कॉलर तुमचीच आहे," आबा मागून म्हणाले. "कपडे, हात, सगळं तुमचं. मी फक्त चेहरा. कॉलर फार चांगली आहे, खरं सांगतो."

खरं सांगतो म्हणे. मी चालत स्टेशनला आले.

३१ जाने., शुक्र.

ह्यांना विचारलं. सकाळी, दुधवाला गेल्यावर.

"आबांचा फोन आला काल," म्हणाले. म्हणजे तयारीत होते.
"माणसं बोलावलीत तुम्ही. हात धरून दाखवलंत. तुम्हाला माहीत होतं."
"हो."
"हेडबाईंसमोर मी हो म्हटलं. तुम्ही तिथे उभे होतात. पोह्यांची डिश धरून."
"मला वाटलं तोवर तुला येईल."

मग म्हणाले, "सुनंदा, तू पाऊसभर भिंतीकडे तोंड करून होतीस. मी रोज सकाळी आधी तुझा श्वास चालू आहे का बघायचो. मग तू साडी नेसून गाडीला जायला लागलीस. मला त्या राजाच्या नाकाचं काय पडलंय?"
"मला पडलं होतं."
"ते कळलं नाही मला."

शाळेत मूल चुकलं की मी खोडरबर हातात द्यायची. पेन्सिल नाही काढून घेतली कुणाची. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का...

१ फेब्रु., शनि.

हेडबाईंना फोन. म्हटलं, डोळ्यांचा त्रास आहे, संस्थापकांचं जमणार नाही. "अहो, सावकाश द्या," म्हणाल्या. "तुमच्यासारखा हात कुठे मिळणार आम्हाला." आभार मानले आणि ठेवला.

घरात बोलणं कामापुरतं. गॅस. दूध. मोटर चालू केली का.

४ फेब्रु., मंगळ.

क्लासचा वार. गेले नाही.

हे बाजारात गेले तेव्हा रा.सा. खाली काढले. टर्पेंटाइन, चाकू, फडकी. खाली माझा असणार, असं डोक्यात. कललेल्या नाकाचा, मेलेल्या डोळ्याचा, पण माझा. वरचा हळूच काढला तर खालचा सापडेल.

नाही सापडला. गाल सुटला तो सगळाच सुटला. माझं कुठलं, त्यांचं कुठलं, सगळं एकच तपकिरी राडा. पुसत गेले, पुसत गेले. शेवटी कॅनव्हासचं कापड लागलं.

हे पिशव्या घेऊन दारात. बघितलं. पिशव्या ठेवल्या, आत जाऊन भाजी निवडायला बसले. थोड्या वेळाने नाक ओढल्याचा आवाज आला. मी गेले नाही आत.

९ फेब्रु., रवि.

आबा आले. या वयात एकटे, एस.टी.ने. हॉलमध्ये बसले. समोर भिंतीवर बिनचेहऱ्याचा राजा. मीच परत लावलाय, असू दे म्हटलं. काळे कपडे, कॉलर, वर काही नाही.

बघत राहिले. मग म्हणाले, "बरं केलंत." चहा प्याले.

निघताना: "तुमच्या आईचं चित्र वाळलंय. पाठवू?"
"नको."
"तुमच्या भावाला—"
"त्याला माहीत नाही. सांगू नका. कोणालाच देऊ नका."
"मग काय करू त्याचं?"
मला माहीत नव्हतं. तेच म्हटलं. ते चपला घालत असताना वाटलं, विचारावं, फक्त एकदा जाऊन बसू का तिच्यासमोर. नाही विचारलं.

"शनिवारी या. मी हात बांधून बसतो," म्हणाले. तेही खरं असेल. पण आबा खरं बोलतात हे मी आता कशावरून ओळखायचं?

१३ फेब्रु., गुरु.

पडवीतल्या चित्राकडे परत. चेहऱ्याला हात लावला नाही. हात घेतले. आईच्या बोटांच्या पेरांना मिठाने भेगा असायच्या. ती त्यांत गोडंतेल भरायची आणि आम्हाला भरवताना भेगेत भात अडकायचा. ते काढतेय. कशावरून बघून नाही. हे चहा ठेवून जातात, बघत नाहीत. की बघतात मी नसताना? म्हणून आता उठताना कॅनव्हास खोलीत नेऊन कुलूप लावते. स्वतःच्या घरात.

१८ फेब्रु., मंगळ.

चेहरा पुन्हा केला. वाईट आहे. पण वाईट आहे हे मला लगेच कळतं आता. बसायची वाट बघत नाही.

२० फेब्रु., गुरु.

ह्यांना म्हटलं, हेच चित्र नेणार. जसं आहे तसं.
"ठीक," म्हणाले. थोड्या वेळाने: "दादा बोलेल काहीतरी. तोंडाचा फटकळ आहे."
"बोलू दे. तेच हवंय मला."

उद्या हे पुढे जाणार गावी, दादाला सामान आणायला मदत म्हणून. मी परवा चित्र घेऊन.

२३ फेब्रु., रवि.

काल वर्षश्राद्ध झालं. आज सकाळी परत आलो. लिहून ठेवते.

चित्र जुन्या चादरीत गुंडाळून नेलं. रिक्षा बांधापर्यंतच येते, पुढे हे घ्यायला आले होते. मी दिलं नाही, स्वतःच धरून चालले.

दादाने पाटावर जागा करून ठेवली होती. चादर सोडली. आईबरोबर आगरात असायच्या त्यातल्या दोघी म्हाताऱ्या आल्या होत्या. एक म्हणाली, "कोन ही?" दुसरीने तिला कोपराने ढोसलं.

दादा उकिडवा बसला चित्रासमोर. त्याचं बघणं संपेना. मी उभी. बरं वाटत होतं, खरंच सांगते. आता बोलेल, आणि जे बोलेल ते माझ्या चित्राला असेल.

"तोंड आयचं नाय," म्हणाला.
"नाही."
"तोंड नाय जमला तुना." मग पुढे वाकला, बोट जवळ नेलं, लावलं नाही. "पन हात हाईत. हात आयचंच हाईत, सुने. या भेगा. तेल भरायची बग यांत."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीही पुढे सरकली, म्हणाली, व्हय गो, हात तिचंच. दादाने हार घेतला आणि चित्राला असा घातला की हात झाकले जाणार नाहीत.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दाराशी, पायातली वाळू झटकत. वर बघितलं नाही.

परवा रात्री हे दादाकडेच होते. दोघंच जेवले, वहिनी देवळात होती. ती सहज बोलली, "बराच येळ बोलत बसले व्हते दोघं." कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. आईच्या बोटांतल्या तेलाचं मी ह्यांना कधी सांगितलं होतं का, तेही आठवत नाही. दादाला ते कोणी सांगायची गरज नाही, तो तिथेच जेवायचा, माझ्या शेजारी.

गाडीत समोरासमोर बसलो. नागोठण्याला ह्यांनी शेंगा घेतल्या, अर्ध्या माझ्या ओंजळीत ओतल्या. विचारायचं एवढंच होतं: दादाला हातांचं काही सांगितलंत का? हो म्हणाले असते तर कळलं असतं. नाही म्हणाले असते तर...

शेंगा सोलत राहिले. रोहा आलं.